वाचनाला बसलेल्या घागरी

जतच्या स्टँडवर वाचनालयाची पत्र्याची पेटी वडापच्या जीपच्या टपावर चढली की क्षमाचा गुरुवार खऱ्या अर्थानं सुरू व्हायचा. तसं त्याआधी सांगलीत पहाटेचं स्नान, दत्ताच्या तसबिरीला हार आणि उपासाचे शेंगदाण्याचे लाडू डब्यात भरणं, एवढं उरकलेलं असे. पण ते देवाचं आणि घरचं. पेटी वर चढली की आपलं स्वतःचं काहीतरी निघालं, असं तिला वाटायचं. जीपवाला पेटीला "बाईंचं रुखवत" म्हणायचा आणि दोरी मात्र अगदी मायेनं आवळायचा.

करंजहळ्ळी हे गाव कानडी मुलखाला टेकलेलं. ब्याण्णवच्या उन्हाळ्यात तिथल्या विहिरी पार तळाला गेल्या होत्या. टँकर यायचा, पण दुपारी कधी येईल ते ड्रायव्हरलाही ठाऊक नसे. म्हणून बिरोबाच्या देवळापुढं सकाळपासून घागरींची रांग लागे. रांगेत घागर ठेवली की बाई आलीच, असा तिथला कायदा. मग ती बाई घरी भाकरी थापत असो की मेंढरांमागं असो, तिच्या घागरीला ओलांडून कुणी पुढं जात नसे. भांडण लागलंच तर तेही घागरीशीच. "ए हिरवे, सरक की तिकडं, लय पसरलीयास," असं रंगुबाई एका प्लॅस्टिकच्या घागरीला दरडावताना क्षमानं पहिल्याच दिवशी ऐकलं आणि पेटीसाठी तिचं गाव तिथंच ठरलं.

पेटीतली पुस्तकं वाचू शकणाऱ्या बायका गावात फार थोड्या. पण टँकरची वाट बघत बसलेल्या पुष्कळ. तेव्हा क्षमा देवळापुढच्या पारावर बसून मोठ्यानं वाचू लागली. कादंबरी होती एका नावाड्याच्या लेकीची. बाप अंथरुणाला खिळल्यावर ती पोर एकटी नाव चालवते, पुरातही चालवते. त्या कोरड्या माळावर बसून पुराचं वर्णन ऐकताना बायका तोंडाला पदर लावत. बनुबाईला तर राहवलं नाही. एवढं पाणी उघड्यावर पडलंय आणि कुणी राखण करत नाही, हे तिला काही केल्या पटेना. सगळ्याजणी हसल्या, क्षमाही हसली, आणि पुढचं पान दोनदा वाचावं लागलं.

काळजी एकच होती. लालासाहेब. वाचनालयाचे चिटणीस, लष्करातून सुभेदार होऊन आलेले. त्यांच्या लेखी हजेरी म्हणजे हजेरी. या उन्हाळ्यात एक जरी गुरुवार चुकला तरी पेटी उचलून जतच्या शाळेत ठेवायची, असं त्यांनी क्षमाला शांतपणे सांगून टाकलं होतं. शाळेला आधीच कपाटभर पुस्तकं होती. इथं मात्र पेटी गेली असती तर नावाड्याची लेक भर पुरात तशीच राहिली असती, आणि या बायकांना पुढचं सांगायला दुसरं कुणी येणार नव्हतं. म्हणून क्षमानं गुरुवारच्या उपासाइतकंच हे वाचनही धरून ठेवलं होतं.

बनुबाईची लेक बाळंत झाली तेव्हा वाचनाला पहिल्यांदा बाईऐवजी भांडं बसलं. बनुबाई लेकीच्या गावी जाणार होती. जाताना तिनं जावेला बजावलं, एक घागर टँकरच्या रांगेत ठेव आणि कळशी वाचनाला बसव. जावेनं तसंच केलं. बायकांच्या मधोमध एक स्टीलची कळशी मांडी घालून बसावी तशी बसली. क्षमाला हसू आलं, पण तिनं कळशीकडं बघून मान डोलावली. पुढच्या गुरुवारी बनुबाई परतली, तेव्हा क्षमा तिला मागचा भाग सांगू लागली. बनुबाईनं हातानंच थांबवलं. तिला सगळं ठाऊक होतं. जावेनं सांगितलं असणार, असं क्षमानं धरलं. जाऊ मात्र म्हणाली की मला बाई कुठलं सांगायला येतंय.

ही सोय सगळ्यांनाच आवडली. कुणाची मेंढरं, कुणाचं दळण, कुणाची नणंद आलेली. प्रत्येकीच्या बदली एकेक घागर येऊ लागली.

मग रस्त्याच्या कामाची हाक आली आणि अख्खं गाव खडी फोडायला गेलं. त्या दुपारी पाराखाली नुसत्या घागरी होत्या. निळ्या, केशरी, पितळी, पोचे आलेल्या. माणूस म्हणून एकटी म्हातारी, आणि ती ठार बहिरी. क्षमाला ओशाळल्यासारखं झालं, पण गुरुवार चुकवायचा नव्हता. तिनं मनात दत्ताचं नाव घेतलं आणि वाचायला लागली. माळावरून वारा येत होता. घागरींच्या तोंडावरून जाताना तो घुमायचा. गमतीचं वाक्य आलं की जरा जास्तच घुमायचा, असं तिला वाटलं. मधेच कानाशी गांधीलमाशी आली, तशी ती किंचाळून पारावरून खाली उडी मारून मोकळी झाली. म्हातारी ढिम्म. कुणी पाहिलं नाही म्हणून क्षमानं पदर सावरला आणि पुढं वाचलं.

पुढच्या खेपेला ती जीपमधून उतरते तोच बायका हसायला लागल्या.

"अक्का, गांधीलमाशी आली तवा काय उडाला वं तुमी," रंगुबाई म्हणाली. "घरी त्या घागरीतलं पानी पिताना मला ठसका लागला हसून."

क्षमा हसली. पण त्या दिवशी तिनं बायकांनी पुढं केलेलं पाणी घेतलं नाही. उपास आहे म्हणाली. उपासाला पाणी चालतं, हे त्यांनाही माहीत होतं.

वैशाखात तिला ताप भरला. बुधवारी रात्री अंग भाजत होतं, तरी गुरुवारी सकाळी ती उठून पिशवी शोधू लागली. पुष्करनं, तिच्या नवऱ्यानं, पिशवी काढून कपाटात टाकली आणि तिला पुन्हा निजवलं. गावात फोन नव्हता, निरोप धाडायची सोय नव्हती. पेटी गेलीच, असं म्हणत ती रडली आणि रडता रडता झोपली. दुपारभर तिनं कूस बदलली नाही. संध्याकाळी जाग आली तेव्हा घसा पार बसला होता. डॉक्टर म्हणाले, तापानं होतं असं.

शनिवारी लालासाहेब घरी आले. क्षमा पदर डोक्यावर घेऊन भिंतीला टेकून बसली. काय बोलणार ते तिला माहीत होतं.

लालासाहेब म्हणाले, "क्षमाताई, मानलं तुम्हाला. एवढा ताप अंगात आणि गुरुवार चुकवला नाहीत."

पुष्करनं तिच्याकडं पाहिलं.

गुरुवारी लालासाहेब जतला एका लग्नाला गेले होते. तिथून न सांगता वाकडी वाट करून करंजहळ्ळीला पोचले आणि देवळामागं उभं राहून वाचन ऐकलं. बायका एवढ्या दाटीनं बसल्या होत्या की क्षमा काही दिसली नाही. पण आवाज तिचाच, जरा बसलेला. पुरात नावेचा दोर तुटतो तो भाग संपेपर्यंत आपणही जागचे हललो नाही, असं ते मोकळेपणानं म्हणाले. पेटी आता करंजहळ्ळीलाच राहणार, ते आपण समितीत सांगू. चहा पिऊन ते आनंदात निघून गेले.

खरं सांगायला क्षमानं तोंड उघडलं होतं. आवाजच निघाला नाही.

तिनं कपाटातून पिशवी काढून घेतली. पुस्तक आत होतं, खूण जिथल्या तिथं. खुणेच्या पुढचं प्रकरण तिनं स्वतःही अजून वाचलं नव्हतं. ते आता वाचलं. नावेचा दोर तुटत होता.

गुरुवारी पारापुढं नेहमीसारखा गलका होता. बायकांनी तिला हाताला धरून सावलीत आणलं.

"मागच्या गुरुवारी कुणी वाचलं?" तिनं विचारलं.

"कुनी म्हंजी?" रंगुबाई म्हणाली. "तुमीच की."

"मी आले नव्हते, रंगुबाई."

"ते ठावं हाय की. पर तुमची जागा मोकळी ठिवायची व्हय? तांब्या ठिवला तुमच्या नावानं."

पारावर, ती बसायची तिथं, एक तांब्या होता. वर वाटी झाकलेली.

"आवाज लय बारीक येत हुता," बनुबाई कौतुकानं सांगू लागली. "पानी सरत आलं तसा आनखीच बारीक. मग मी वतलं वरनं. तवा नीट झालं."

"टँकर आला न् तुमी थांबला," रंगुबाई म्हणाली. "उरल्यालं कुनी सांडलं न्हाई बगा. अक्कांचं हाय म्हनलं, ऱ्हाऊ दे."

क्षमा पारावर टेकली. घसा अजून दुखत होता. सगळ्या बायका मायेनं तिच्याकडं बघत होत्या.

"किती वाळलाय वं," रंगुबाई हळू आवाजात म्हणाली. "एवढ्या उनाचं कशाला येताय आता? निवांत घरी पडा. तुमी हायसाच की हितं."

क्षमानं वाटी उचलली. आठवडाभराच्या उन्हातही पाणी पुरतं आटलं नव्हतं. तळाशी घोटभर होतं.

तिनं वाकून पाहिलं. पाण्यात तिचा चेहरा होता.

तिचे ओठ मिटलेले होते. पाण्यातले हलत होते.