पहाटेची सोबत

पटणार नसेल तर इथेच थांबा. पटवायला माझ्याकडे एकही पुरावा नाही. ज्या बाईवर हे गुदरलं, तिनं स्वतः मला भर दुपारी तिच्या पडवीत बसून सांगितलं. बोलता बोलता तिच्या हातातली कॉफी गार झाली, तरी तिनं एक घोट घेतला नाही. एवढंच मी सांगू शकतो.

साल २०१८. डिसेंबरची सोळा तारीख. पहाटेचे साडेतीन.

फिलिपिन्समधल्या बोहोल बेटावरचं सान दिमास गाव.

बाईचं नाव युफ्रोसिना. गावच्या शाळेची निवृत्त मास्तरीण. सगळे तिला ओसिंग म्हणायचे. वय अडुसष्ट. नवरा पोल एकाहत्तरचा. मालवाहू बोटींच्या इंजिनांवर तीस वर्षं काढून तो घरी परतला, तेव्हा उजव्या हाताची करंगळी एका यंत्रात गेली होती आणि डावा गुडघा कायमचा दुखावला होता. पाय ओढत चालायचा. देवाचं त्याला वावडं नव्हतं, पण पहाटे उठण्याचं होतं.

नाताळच्या आधीच्या नऊही पहाटे मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामूहिक प्रार्थना, चुकवली नाही, तर मागितलेलं मिळतं, अशी तिकडची श्रद्धा. ओसिंग दरवर्षी जायची. पोल दरवर्षी पांघरुणातून टोमणा मारायचा.

"अगं, चार वाजता देवसुद्धा घोरत असतो. कशाला उठवतेस त्याला?"

"तू घोर. तुझ्या वाटचंही मीच मागते."

या वर्षी मागणं मोठं होतं. त्यांची एकुलती एक मुलगी मारिवेल कॅनडात, विनिपेगला. चार वर्षांनी ती नाताळला घरी येणार होती. तेवीस तारखेला. सोबत पाच वर्षांची अलोना. नातीला ओसिंगनं शेवटचं मांडीवर घेतलं, तेव्हा ती वर्षाची होती. नंतर सगळी माया फोनवरच. दर रविवारी अलोना पडद्याला नाक लावून आजीकडे एकच हट्ट करायची, "लोला, तुम्ही दोघं इकडे या ना!" आणि लोलो, म्हणजे आजोबा पोल, म्हणायचा, "तुमच्या बर्फात माझा गुडघा निखळून पडेल गं बाई."

तर, सोळा तारीख. ओसिंग टॉर्च घेऊन निघाली. चर्च वीस मिनिटांवर. वाट माडांमधून, मग बांबूच्या बेटाला वळसा.

वळणावर मागून चाहूल लागली...

तिनं टॉर्च फिरवला. पोल होता. अंगात त्याचं जुनं बोटीवरचं जाकीट, डोक्यावरून टॉवेल ओढलेला.

तिला इतका आनंद झाला, की तिनं टोमणाही मारला नाही. बेचाळीस वर्षांच्या संसारात तो पहिल्यांदा आपणहून आला होता. एक शब्द वाकडा बोललो तर उद्या यायचा नाही, हे तिला ठाऊक होतं. ती मुकाट्यानं चालू लागली. तोही.

थोड्या वेळानं त्यानं विचारलं, "ती कधी येणार?"

"विसरलास? तेवीसला."

चर्चच्या पायऱ्यांशी तो थांबला. बरेच पुरुष बाहेरच उभे राहतात, तिला नवल वाटलं नाही. मिस्सा संपल्यावर मात्र तो दिसेना. घरी आली, तर साहेब पांघरूण घेऊन गाढ झोपलेले.

'वा रे नाटक्या!' ती मनात म्हणाली. आणि गप्प बसली.

दुसऱ्या पहाटे पुन्हा तेच. तिसऱ्या, चौथ्या पहाटेही.

बांबूच्या वळणावर तो यायचा. चर्चपाशी थांबायचा. आणि रोज एकच प्रश्न.

"ती कधी येणार?"

चौथ्या दिवशी ओसिंग चिडली. "तुझं डोकं फिरलंय का रे? रोज काय तेच तेच?"

तो चालत राहिला.

दोन गोष्टी तिच्या नजरेला आल्या होत्या. शेजारीण तेसिंगची तीन कुत्री येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकावर तुटून पडायची. या चारही पहाटे ती भुंकली नव्हती. फाटकामागे अंग चोरून बसलेली असायची.

आणि पोल पाय ओढत नव्हता.

'पहाटेच्या गारव्यानं गुडघा सुधारला असेल.' माणूस स्वतःची समजूत काढायला किती हुशार असतो!

पाचवी पहाट. वीस तारीख.

रात्री पाऊस पडून गेला होता. ओढ्यावर माडाचं खोड आडवं टाकलेलं, तोच पूल. त्यावर शेवाळ. ओसिंगचा पाय सरकला. टॉर्च पाण्यात गेला.

अंधारात एका हातानं तिचा हात धरला.

गार हात. नुसता गार नाही... विहिरीच्या तळाचा दगड असावा तसा. तिनं तो घट्ट पकडला, तोल सावरला. त्याचा उजवा हात तिच्या मुठीत होता.

आणि तिच्या बोटांना ते जाणवलं.

करंगळी होती.

नीट, अख्खी करंगळी. नखासकट.

ती किंचाळली नाही.  पळावं म्हटलं तर तो खोडावर तिच्यापुढे उभा, मागे काळोख. हात सोडवून घेण्याची हिंमत होईना. आपल्याला कळलंय, हे त्याला कळलं तर?

"चल," तो म्हणाला.

ती चालली. पुढची दहा मिनिटं तिनं तो हात हातात धरून काढली. ओठांतल्या ओठांत प्रार्थना म्हणत होती, पण शब्द पुढेमागे होत होते.

"ती कधी येणार?"

या वेळी ओसिंगनं उत्तर दिलं नाही.

हातावरची पकड किंचित आवळली...

"तेवीसला. तूच सांगितलंस," तो म्हणाला.

चर्चचे दिवे दिसले आणि हात रिकामा झाला.

मिस्सेत ती तेसिंगच्या बाकावर जाऊन बसली. नंतर तेसिंगला सोडेनाच. "नांग, घरापर्यंत चल माझ्यासोबत."

तेसिंग वयानं मोठी, म्हणून नांग, म्हणजे ताई; जिभेनं तिखट. "का गं, आज भीती वाटली होय? रोज तर ऐटीत एकटी जातेस. बडबडत असतेस काहीतरी. मी खिडकीतून बघते, म्हटलं जपमाळ चालली असेल बाईची."

"एकटी?"

"मग काय, गव्हर्नर असतो सोबत?"

घरी पोल जागा होता. चुलीपुढे बसून सिक्वाते घोटत होता, ते त्यांचं दाट चॉकलेट. ओसिंग दारातच थांबली.

"हात दाखव."

"काय?"

"उजवा हात दाखव, पोल!"

त्यानं दाखवला. चार बोटं, आणि करंगळीच्या जागी जुना वण. ओसिंग सगळं सांगत सुटली. पोल आधी हसला. मग त्याचं हसणं विरलं. हातातली रवी तशीच राहिली.

"ओसिंग," तो हळूच म्हणाला, "तू खरंच रोज चर्चला जात होतीस?"

"म्हणजे?"

"तू निघालीस की पाचेक मिनिटांत परत येतेस. माझ्या शेजारी येऊन पडतेस. मला वाटलं, आता वय झालं, झेपत नसेल. लाजतेस म्हणून सांगत नसशील. मी कशाला बोलून दाखवू?"



"आजसुद्धा?" तिनं विचारलं.

"आजसुद्धा. पाठ करून झोपली होतीस. तुझे पाय इतके गार होते, की मी माझं पांघरूण तुझ्यावर घातलं."

दोघांनी एकदम आतल्या खोलीकडे पाहिलं.

खाटेवर पांघरूण होतं. त्याखाली कोणी नव्हतं. पण चादर ओली होती... एका माणसाच्या आकाराएवढी.

ते सांगणार कोणाला? गावात हसं झालं असतं. फादरना सांगितलं, त्यांनी घरावर पवित्र पाणी शिंपडलं आणि रक्तदाब तपासून घ्यायला सांगितलं.

पोलनं एकच ठरवलं. "आता एकमेकांना सोडायचं नाही. तू जाशील तिथे मी."

सहावी, सातवी, आठवी पहाट तो खरोखर गेला. पाय ओढत, कण्हत, शिव्या देत. तेसिंगची कुत्री त्याच्यावर जीव तोडून भुंकली. ओसिंग सांगते, ते भुंकणं ऐकून तिला रडू आलं. इतकं गोड तिला आयुष्यात काही वाटलं नव्हतं.

वाटेत कोणी भेटलं नाही.

फक्त सातव्या पहाटे, बांबूच्या वळणावरून तिनं सहज मागे पाहिलं. घरात दिवा लागला होता. तो त्यांनी विझवून, कुलूप घालून घर सोडलं होतं.

पोलनं तिची मान पुढे वळवली. "बघू नकोस."

तेवीसला संध्याकाळी मारिवेल आली. दारातल्या चांदणीच्या कंदिलाखाली अलोना उभी राहिली, आणि "लोला!" म्हणून ओसिंगच्या कमरेला बिलगली. घरभर बॅगा, हसणं, केळीच्या पानातल्या गोड भाताचा वास. ओसिंगला चार दिवसांत पहिल्यांदा घास गोड लागला.

पण नववी पहाट अजून बाकी होती.

"नको जाऊ या," ती कुजबुजली. "पोरींना सोडून नको."

पोलनं मान हलवली. "आठ झाल्या. पोरींसाठीच नवस बोललीस ना? अर्ध्यावर टाकून उद्या काही वाकडं झालं, तर तू स्वतःला माफ करशील? आणि तू एकटी गेलीस तर..." 

मायलेकींना उठवून न्यावं, तर दीड दिवसाचा प्रवास करून दोघी मेल्यासारख्या झोपलेल्या. शेवटी ओसिंगनं मारिवेलला हलवलं. "आम्ही बाहेरून कुलूप लावतोय. कोणी हाक मारली तरी ओ देऊ नकोस. आमच्या आवाजात मारली तरी."

"मा, तू पण ना..." मारिवेल कुशीवर वळली.

दोघं गेली.  मिस्सा संपायच्या आधीच ओसिंग उठली, आणि पोल त्या गुडघ्यासकट तिच्यामागे जवळजवळ धावत आला.

घर शांत होतं. कुलूप जसंच्या तसं. ओसिंगचा जीव भांड्यात पडला.

आत मारिवेल गाढ झोपलेली. अलोना मात्र खाटेच्या कडेला पाय हलवत बसली होती. टक्क जागी.

"लोला, आता परत कुठे गेला होतात?"

ओसिंग तिच्यापुढे गुडघ्यांवर बसली. "परत म्हणजे, बाळा?"

"आत्ता इथे होतात ना. तू आणि लोलो. तिथे." तिनं खाटेच्या पायथ्याकडे बोट केलं.

"काय... काय करत होतो आम्ही?"

"बघत होतात. मग तू विचारलंस ना, आम्ही तुझ्यासोबत तुझ्या घरी आलो तर चालेल का?"

पोलनं डोळे मिटले.

"मग तू काय म्हणालीस?" ओसिंगनं विचारलं.

अलोना हसली. "मी हो म्हणाले! मी तर रोजच म्हणते ना, या म्हणून!"

ओसिंगनं तिचे दोन्ही खांदे धरले. "नाही म्हण! आत्ता म्हण. मोठ्यानं म्हण, येऊ नका!"

पोर भेदरून रडायला लागली. मारिवेल दचकून उठली. "मा, काय करतेस! सोड तिला!" ओसिंग सोडेना. "म्हण! येऊ नका म्हण!" शेवटी मारिवेलनं मुलीला ओढून घेतलं आणि आईकडे अशा नजरेनं पाहिलं, की ती नजर ओसिंग अजून विसरलेली नाही.

अलोना रडत राहिली. पण 'येऊ नका' ती म्हणालीच नाही. लोलाला येऊ नका कसं म्हणायचं?

त्या रात्री बारा वाजता, नाताळची घंटा झाल्यावर, सगळे जेवायला बसले. ताटं भरलेली होती. मारिवेल मोजकंच बोलत होती. ओसिंगनं दोनदा समजावायचा प्रयत्न केला. "मा, तुला विश्रांतीची गरज आहे," एवढंच उत्तर मिळालं. सहा जानेवारीला मायलेकी परत गेल्या.

त्यानंतर सान दिमासच्या त्या घरात काही म्हणता काही झालं नाही.

ना चाहूल, ना ओली चादर. ओसिंग पहाटे एकटी चर्चला जाऊ लागली आणि तेसिंगची कुत्री तिच्यावरही पूर्वीसारखी भुंकू लागली. पोलला शांत झोप लागायची. लोक म्हणाले, सुटलात.

"सुटलो?" ओसिंग मला म्हणाली. "घरातून गेले ते. पण गेले कुठे?"

मारिवेलशी तिनं पुन्हा हा विषय काढला नाही. काढला असता तर रविवारचा फोनही बंद झाला असता. म्हणून दर रविवारी ती नातीला सहज, हसत हसत एकच गोष्ट विचारते.

"घरी कोण कोण आहे गं आज?"

आणि अलोना सांगते, "ममा, पापा आणि मी."

ते ऐकेपर्यंत ओसिंग श्वास घेत नाही. शेजारी पोल बसलेला असतो. तोही नाही.

मी त्यांच्याकडे गेलो, त्याच्या आदल्या रविवारचीच गोष्ट. ओसिंगनं नेहमीप्रमाणे विचारलं. अलोनानं तोंड उघडलं...

आणि थांबली.

मान वळवून तिनं मागे पाहिलं. खोलीच्या त्या बाजूला, जी पडद्यावर दिसत नव्हती. बराच वेळ पाहत राहिली. कोणाला तरी काही विचारावं, तशी.

मग पुन्हा फोनकडे वळली.

"ममा, पापा आणि मी," ती म्हणाली. अगदी हळू.