स्क्रूवरचा लाल थेंब

भंगारवाल्याच्या काट्यावर मी बाबांच्या कॉम्प्युटरचा खोका ठेवला, तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "अहो... अहो, थांबा!"

वळून पाहिलं. हातात गंजका टेपरेकॉर्डर, केसांत जळमट, आणि चेहरा असा, की मी जणू जिवंत माणूसच वजनाला लावलाय.

"हे किलोवर विकताय?"

"मग काय, वाजतगाजत विकू?"

तो हसला. मी नाही हसले. बाबांना जाऊन सव्वा महिना झाला होता आणि त्या सव्वा महिन्यात मला हसण्याची सवयच राहिली नव्हती.

तो जुनी यंत्रं दुरुस्त करायचा, सुटे भाग शोधायला भंगारात आला होता. मला न विचारताच त्याने खोका उघडला. आत आमचा जाडजूड कीबोर्ड. कॉम्प्युटर म्हणजे तेवढाच, टीव्हीला जोडायचा. शेजारी कॉम्प्युटरला जोडायचा टेपरेकॉर्डर. आणि तळाशी एक कॅसेट, तिच्यावर बाबांचं टपोरं अक्षर: 'टिटवीसाठी'. खाली पाच महिन्यांपूर्वीची तारीख.

"टिटवी कोण?" त्याने विचारलं.

टिटवी मी. त्या मशीनचे प्रोग्रॅम कॅसेटवर असायचे. कॅसेट वाजली की टीव्हीतून कर्कश किंकाळी यायची आणि पाच वर्षांची मी तिच्या सुरात सूर मिसळून किंचाळायचे. बाबा कानांवर हात ठेवून हसायचे.

पाच महिन्यांपूर्वी त्यांचा फोन आला होता. तीन वर्षांतला पहिला. शेवटच्या वर्षाला मी इंजिनिअरिंग सोडलं आणि कानाच्या डॉक्टरांकडे लोकांची श्रवणशक्ती तपासायच्या नोकरीला लागले, तेव्हा ते म्हणाले होते, "पदवी घेतल्याशिवाय या घरात पाऊल टाकू नकोस." मीही त्यांचीच मुलगी. नाही टाकलं. आणि मग तो फोन... "जुना कॉम्प्युटर काढलाय. एकदा येऊन बघ."

"भंगारात द्या तो," मी म्हणाले होते.

"बरं," म्हणाले आणि फोन ठेवला. त्यानंतर आम्ही बोललोच नाही.

म्हणून मी तो भंगारात द्यायला आले होते. बोलल्या शब्दाला जागायला की स्वतःला शिक्षा करायला, कोण जाणे.

"मी बघू का जरा?" तो हळूच म्हणाला. मी खोका त्याच्याकडे सरकवला.

त्याचं दुकान म्हणजे एक चिंचोळी खोली. क्लिनिक सुटलं की मी तिथे जाऊन बसायला लागले. टीव्हीवर काळा पडदा, बाकी काही नाही. त्याने झाकण काढलं, चालू मशीनमधल्या एकेका चिपवर अलगद बोट टेकवलं.

"हे काय, ताप बघताय?"

"हो ना. बघा... ही बाकीच्यांपेक्षा तापलीय. मेमरी गेलीय हिची." त्याने माझं बोट धरून त्या चिपवर टेकवलं. चटका बसला. बोट मात्र त्याने जरा जास्तच वेळ धरून ठेवलं.

"अहो, भाजलं मला."

"सॉरी... फार भाजलं?"

"थोडंसं," मी म्हणाले, आणि किती दिवसांनी माझ्या ओठांचा कोपरा हलला. घरी जाताना मला त्याचाही राग आला. बाबा गेलेत आणि मी कुणाच्या बोटांचा विचार करतेय!

नवी चिप मिळायला दोन आठवडे गेले. पडदा उजळला त्या दिवशी आम्ही लहान मुलांसारख्या टाळ्या पिटल्या. मग त्याने कॅसेट लावली. किंकाळी घुमली, चार मिनिटं चालली, आणि पडद्यावर इंग्रजीत उमटलं: चूक.

पुन्हा लावली. पुन्हा चूक.

"उद्या करू," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. असे आठ उद्या झाले. नवव्या दिवशी मी आत शिरले तर तो नुसताच बसलेला, समोर टेपरेकॉर्डर.

"मला एक सांगायचंय," तो म्हणाला. "मीच घालवलं हे."

"म्हणजे?"

"टेप वाचणारं हेड वाकडं होतं. स्क्रू फिरवून मी ते सरळ केलं. पहिल्याच दिवशी. सगळ्यांचं करतो तसं. पण तुमच्या बाबांनी रेकॉर्डिंगही वाकड्याच हेडने केलेलं. आता ते सरळ हेडला वाचता येत नाही, आणि आधी किती वाकडं होतं ते मला..." त्याने टेपरेकॉर्डर माझ्याकडे वळवला. "स्क्रूवर लाल नेलपॉलिशचा थेंब होता. हलू नये म्हणून लावलेला. मी तो खरवडून टाकला."

तो थेंब माझ्या नेलपॉलिशचा होता. सातवीत असताना माझ्या हातून तो टेपरेकॉर्डर पडला, बाबांनी दिवसभर खटपट करून हेड बसवलं आणि म्हणाले, "टिटवे, तुझी ती लाल बाटली आण."

"आठ दिवस गप्प का बसलात?"

"वाटलं, जमेल. प्रत्येक फेरीला टेप झिजते, तरी लावत राहिलो. 'टेपच खराब होती' म्हटलं असतं, तर तुम्हाला कळलंही नसतं. पण खोटं बोलवेना."

मी उठले. दार आपटून बाहेर पडले. रस्ताभर रडले, लोक वळून बघत होते तरी रडले. बाबांना मी एकदा गमावलं होतं, आता दुसऱ्यांदा. आणि तेही या माणसाच्या हातून, ज्याच्याकडे जायला मी रोज घड्याळाकडे बघायचे!

तीन दिवस मी क्लिनिकमध्ये पेशंटच्या कानांना हेडफोन लावले, बटणं दाबली, विचारलं, "ऐकू येतंय? आता? आता?" तिसऱ्या दिवशी एका आजोबांना हा प्रश्न विचारता विचारता मी मधेच थांबले. दिवसभर आवाज ओळखण्याचंच तर माझं काम. आणि ती किंकाळी मला पाठ होती.

दुकानात गेले तेव्हा तो दाढी वाढवून बसला होता. मी खुर्ची ओढली. "तुम्ही स्क्रू फिरवा. मी ऐकते."

"टेप आता फार तर एकदा-दोनदा टिकेल," तो म्हणाला. "मला तर सगळंच सारखं किरकिरं ऐकू येतं."

"म्हणूनच मी ऐकते."

कॅसेट सुरू झाली. मी डोळे मिटले. आवाज बोदा होता, उशीखाली दाबल्यासारखा.

"डावीकडे... अजून थोडं... अगदी केसाएवढं... नको, मागे..." माझा हात त्याच्या मनगटावर होता, त्याची नाडी धडधडत होती. "अजून... अजून..."

आणि किंकाळी लख्ख झाली. पाच वर्षांच्या पोरीने किंचाळावं तशी.

"थांब!" मी ओरडले. 'थांबा' म्हणायला सुचलंच नाही.

त्याने टेप मागे नेली, पुन्हा सोडली. चार मिनिटं आम्ही श्वास रोखून बसलो. मग किंकाळी थांबली आणि पडद्यावर अक्षरं आली. मशीनला मराठी येत नव्हती, बाबांनी इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं.

'टिटवे, जेवलीस का? हो / नाही'

मी 'नाही' दाबलं.

'मग आधी जेव. भांडण नंतर.'

पुढची ओळ आली. 'अजून रागावली आहेस?'

मी 'हो' दाबलं. राग माझा माझ्यावरच होता, पण मशीनला ते कसं सांगणार?

'मी नाही. मला हल्ली कमी ऐकू येतं. तुझ्याकडे कान तपासून घ्यायचे आहेत. वेळ देशील? हो / नाही'

पडदा धूसर झाला. बाबा, शेवटपर्यंत... शेवटपर्यंत तुम्ही या 'हो'साठी थांबला होतात? मी चाचपडत बटण दाबलं.

'बरं.'

तेवढंच. मग पडदा रिकामा झाला. मी टेबलावर डोकं ठेवून हुंदके देत राहिले. त्याने पाण्याचा ग्लास ठेवला आणि बसून राहिला.

माझे हुंदके ओसरले तसा म्हणाला, "मीही जेवलो नाहीये."

"जाऊ या," मी डोळे पुसले. "आधी हे हेड... असंच राहू दे. वाकडंच."

"मग स्क्रू हलायला नको."

पर्समधून मी लाल बाटली काढली. त्याने टेपरेकॉर्डर तिरका धरला. एक थेंब स्क्रूवर पडला आणि दुसरा त्याच्या नखावर.

"लवकर निघत नाही हं ते," मी म्हणाले.

"मग राहू दे," तो म्हणाला, आणि नखावर फुंकर घालत बसला.