सातव्या प्रश्नाचा चौथा पर्याय

"प्रीतम कुठे भेटतील?" तलावाच्या पाळीवरून मी ओरडून विचारलं.

छातीभर पाण्यात उभ्या असलेल्या माणसानं मान वळवली. "काय काम हाय जी त्याच्यापाशी?"

"त्यांनी मोबाइलवर एक प्रश्न एकोणीस वेळा उघडला आणि एकोणीसही वेळा उत्तर न देता बंद केला. असा माणूस मला एकदा बघायचा आहे."

"मंग पाहून घ्या," तो म्हणाला. "पुरा नाही, पण अर्धा तर दिसून राह्यला ना!"

मी बघितलं. ओले केस, उन्हानं रापलेले खांदे आणि हसू दाबताना एकाच गालावर पडणारी खळी. एकच. दुसऱ्या गालावर नव्हती, मी तपासलं.

माणसं मोजायची मला सवयच आहे. माझं कामच ते. भंडाऱ्यात झेरॉक्सच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत आमचं ऑफिस आहे. कामगारांसाठी, गटांसाठी, सोसायट्यांसाठी आम्ही मोबाइलवरचे अभ्यासक्रम तयार करतो. धडे मी लिहिते, प्रश्न मी काढते. मग कोण किती वेळ शिकलं, कुठे अडकलं, कुठे पळालं, ते स्क्रीनवर बघत बसते. चार वर्षांत माझ्या हिशेबानं माणसांच्या दोनच जाती निघाल्या. एक व्हिडिओ पळवणारे, दुसरे डोळे मिटून उत्तराचा कुठलाही गोल दाबणारे. एका राइस मिलच्या साठ कामगारांनी दोन तासांचा सुरक्षेचा धडा अकरा मिनिटांत संपवला होता आणि साठही जण पास! आमच्या चंद्रकुमार सरांनी त्या दिवशी पेढे वाटले. मी पेढा खाल्ला, पण मिलच्या मशीनजवळची ती साठ जणांची बोटं काही डोळ्यांसमोरून हलेनात.

आणि आता हा अड्याळजवळचा तलाव. 'आपला तलाव, आपले मासे' असा दहा धड्यांचा अभ्यासक्रम. मच्छीमार सोसायटीचे त्रेचाळीस जण. सगळे चौथ्या धड्यापर्यंत नीट आले, त्यातल्या सातव्या प्रश्नापाशी थांबले आणि थांबलेलेच राहिले. बेचाळीस नव्हे, त्रेचाळीसच्या त्रेचाळीस! उत्तर दिल्याशिवाय पुढचा धडा उघडत नाही, ही करामत माझीच. शनिवारी संध्याकाळी पाचला बॅच बंद होणार होती. ज्यांना प्रमाणपत्र मिळेल, त्यांच्यातूनच आसपासच्या बारा तलावांसाठी एक प्रशिक्षक निवडायचा होता. सोसायटीनं ठराव करून प्रीतमचं नाव दिलं होतं. प्रमाणपत्र नसेल तर नाव बाद. मग तो सोमवारी आंध्रातल्या झिंग्यांच्या फार्मवर निघणार होता. मित्रानं तिथे जागा बघून ठेवली होती.

आज गुरुवार होता.

पाळीवर त्याची माय, यशोदाबाई, जाळं वाळत घालत होती. अंगठ्यानं सही करणारी ही बाई पहिले तीन धडे नुसतं ऐकून पास झाली होती. मी तिच्याशेजारी बसले आणि मोबाइलवर सातवा प्रश्न लावला. माझाच आवाज वाजला, 'मरळीच्या पिल्लांचा थवा पाण्यावर दिसला. जाळे कुठे टाकाल? अ) थव्यावर, ब) थव्याच्या खाली, क) थव्याच्या पुढे.'

"उत्तर ब आहे," मी हळूच म्हटलं. "मोठी मरळ खालीच असते ना, म्हणून. पुस्तकात दिलंय."

यशोदाबाईनं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही... चिखलात पडलेल्या पोरीकडे बघावं तसं. "लेकराईपाशी असलेल्या मरळीवर आमी जाळं टाकतच नाही, पोरी. तुझ्या मोबाइलात तो गोलच नाही."

"मग चूक तर चूक, कुठलाही दाबा. तीन संधी आहेत. पुढचं उघडेल, प्रमाणपत्र मिळेल. दाबलं म्हणून तुम्ही काही जाळं टाकणार आहात का? कोणाला कळणार आहे?"

प्रीतम पाण्यातून बाहेर येत होता. टॉवेलनं तोंड पुसता पुसता म्हणाला, "मले मालूम राहते ना."

एवढंच. मी मोबाइल बंद करून पिशवीत टाकला. 

"उद्या सकाळी या मॅडम. साडेपाचले. दाखवतो."

"व्हिडिओ काढून पाठवा ना."

"पाठवला असता," खळी पुन्हा पडली, "पण मंग तुमी काहून याल?"

दुसऱ्या दिवशी कारध्याचा पूल ओलांडला, तेव्हा वैनगंगेवर धुकं होतं आणि माझ्या स्कूटीच्या आरशावर थेंब. स्वतःला बजावत होते की हा कामाचा दौरा आहे. पण कामाच्या दौऱ्याला मी मोरपंखी ओढणी कधी घेतली होती, ते काही केल्या आठवेना.

"धानवाल्याची पोर डोंग्यात बसते का?" यशोदाबाईनं काठावरून टोमणा मारला. आमची धानाची शेती, हे तिनं कालच विचारून घेतलं होतं.

"बसते जी," मी म्हटलं आणि बसले. डोंगा म्हणजे लाकडाची एवढीशी नाव. ती अशी डुलली की मी समोर दिसलं ते घट्ट धरलं. ते प्रीतमचं मनगट होतं.

"हे वल्हं नाही," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"नाही... राहू द्या. मी तर फक्त सांगितलं."

कमळाची पानं डोंग्याला घासत मागे जात होती. रात्रीचा पाऊस थांबला होता, आभाळ स्वच्छ होतं. आणि तरीही समोर, टोपलीच्या घेरापेक्षा थोड्या मोठ्या जागेत, पाऊस पडत होता! तेवढ्याच जागेत. टपटप थेंब पडल्यासारखं पाणी उडत होतं आणि भोवतीचा सगळा तलाव आरशासारखा गप्प.

"बोलू नका," प्रीतम कुजबुजला. वल्हं त्यानं वर घेतलं. डोंगा आपोआप सरकत गेला.

पाऊस वरून पडत नव्हता. खालून येत होता. धानाच्या दाण्याएवढी पिल्लं, शेंदरासारखी लाल, शेकडोंनी वर येत होती, हवेचा एक घोट घेत होती आणि खाली जात होती. सगळा थवा एका श्वासानं वळायचा, पसरायचा, पुन्हा गोळा व्हायचा. मी सवयीनं मोजायला लागले. तीस... साठ... शंभर... आणि मग मोजायचं राहूनच गेलं. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा.

"आता खाली पाहा," त्याचा श्वास माझ्या कानाशी आला.

थव्याच्या खाली हातभर लांबीची काळी मरळ होती. डोंग्याची सावली तिच्या अंगावर पडली. एरवी सावली पाहून विजेसारखा पळणारा मासा तो. पण ती हलली नाही. कल्ले तेवढे उघडत होते, मिटत होते. तिनं मला पाहिलं, अशी माझी खात्री आहे. आणि पाहूनही ती तिथेच राहिली. थोड्या अंतरावर आणखी एक सावली होती.

"तो बाप," प्रीतम म्हणाला. "पंधरा-वीस दिवस दोघंही लेकराईपासून हलत नाही. आता तिले पकडणं एकदम सोपं हाय, म्हणूनच पकडत नाही." मग त्यानं डोंग्यातलं जाळं उचलून माझ्या मांडीवर ठेवलं. "बोला मॅडम, कुठं टाकू? अ, ब का क?"

 माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्याला वाटलं असेल की मी मरळीला भुलले. खरं तर मी त्रेचाळीस बोटांचा विचार करत होते. प्रमाणपत्र समोर, गोल समोर, बघणारं कुणी नाही. आणि त्रेचाळीसपैकी एकही बोट खाली आलं नाही! मी चार वर्षं माणसं मोजत होते आणि ही जात माझ्या यादीतच नव्हती.

"टाकायचं नाही," मी कशीबशी म्हणाले.

"पास," तो म्हणाला.

त्याच दुपारी ऑफिसात चंद्रकुमार सरांनी चष्मा काढला. ते चष्मा काढतात तेव्हा बातमी वाईट असते. "रंजू, चालू बॅचमध्ये प्रश्न बदलायचा म्हणजे डिझायनरची चूक म्हणून नोंद होते. तुझं सीनियर डिझायनरचं प्रशिक्षण वर्षभर चाललंय आणि त्याचं मूल्यमापन याच अभ्यासक्रमावर आहे. चूक नोंदली की या वर्षीचं प्रमाणपत्र गेलं."

"माहीत आहे, सर."

"एका गोलासाठी?"

"चौथ्या गोलासाठी, सर."

 त्यांनी चष्मा घातला आणि फॉर्म पुढे केला. कारणाच्या रकान्यात मी लिहिलं, 'प्रश्न चुकीचा होता. शिकणारे बरोबर होते.' शनिवारी पाचपर्यंत अभ्यासक्रमात बदल करायची मुभा मिळाली.

शनिवारी दुपारी बारा वाजता सातव्या प्रश्नाला चौथा पर्याय लागला. ड) जाळे टाकणार नाही. बारा वाजून चार मिनिटांनी पहिला गोल दाबला गेला, यशोदाबाईचा. आणि मग... त्या डोंग्यातल्यासारखंच झालं. माझ्या स्क्रीनवर एकेक हिरवा ठिपका वर यायला लागला. दोन, सात, एकोणीस. कुठे तलावाच्या पाळीवर, कुठे चुलीपाशी, कुठे एकाच मोबाइलवर आळीपाळीनं चौघं. मी हाताची घडी घालून नुसती बघत राहिले.

साडेचारला बेचाळीस जण दहाही धडे संपवून मोकळे झाले होते.

उरला होता एक.

त्याचे दहाही धडे झाले होते, सगळी उत्तरं बरोबर. तो अडकला होता अगदी शेवटी, अभिप्रायाच्या फॉर्मवर. तो भरल्याशिवाय प्रमाणपत्र निघत नाही. हीही माझीच करामत. पावणेपाच झाले. पाचला दहा कमी. मी फोन लावला.

"काहून थांबले? दाबा ना!"

"सरांचा फोन आला होता सोसायटीत," तो शांतपणे म्हणाला. "तुमचं प्रमाणपत्र गेलं म्हणे आमच्यापायी. कोणाले समजलं असतं जी? काहून केलं असं?"

"मले मालूम राहते ना," मी म्हटलं.

 पलीकडे वारा, पाणी, कुठेतरी टिटवी.

"प्रीतम, आठ मिनिटं राहिली. सोमवारी आंध्रात जायचंय का?"

"नाही ना जाचं."

"मग?"

"तुमचा प्रश्न पुन्हा चुकला हाय, मॅडम."

मी फॉर्म उघडला. शेवटचा प्रश्न मी घाईत टाकला होता, आणि या बॅचची मार्गदर्शक मीच होते. 'अभ्यासक्रमानंतर मार्गदर्शकाची भेट किती वेळा हवी? अ) वर्षातून एकदा, ब) महिन्यातून एकदा, क) गरज नाही.'

"काय चुकलंय यात?"

"बरोबर गोलच नाही त्याच्यात."

"कोणता पाहिजे?"

तो थांबला. छातीभर पाण्यात बिनधास्त उभा राहणारा माणूस... त्याचा आवाज पहिल्यांदाच कापला.

"रोज."

माझी बोटं कीबोर्डवर होती. चार त्रेपन्न. चार चोपन्न. लिहायला जमेना, एवढासा तो शब्द. शेवटी लिहिला. ड) रोज. आणि जतन केला.

चार वाजून सत्तावन्न मिनिटांनी त्रेचाळिसावा ठिपका हिरवा झाला.

प्रश्न नीट चालतोय की नाही, हे तपासायला आमच्याकडे एक चाचणी खातं असतं. मी ते उघडलं. नाव, रंजू. शेवटचा प्रश्न. या वेळी मी काही पळवलं नाही. चारही पर्याय सावकाश वाचले, अगदी पहिल्यापासून, आणि एक गोल दाबला.

सर मागून येऊन उभे राहिले होते. चष्मा पुसून त्यांनी स्क्रीनकडे बघितलं, पुन्हा बघितलं. "अभिप्राय चव्वेचाळीस? शिकणारे तर त्रेचाळीसच होते ना?"

"हो सर," मी म्हटलं आणि स्कूटीची किल्ली उचलली. "एक नवीन आहे. आजपासून."