करवंटीपुढची पिवळी

माशांच्या टाकीतल्या फिल्टरचा स्पंज धाकट्या भावानं नळाखाली धरून लख्ख धुतला होता. वर फुशारकीनं सांगत होता, "ताई, किती घाण साचली होती! साबणाचा हात मारला तेव्हा कुठं निघाली."

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती घाण नव्हती. स्पंजावरच्या त्या तपकिरी, बुळबुळीत थरातले जिवाणूच टाकीतलं पाणी माशांना जगण्याजोगं ठेवत. धुवायचाच झाला तर टाकीतल्याच पाण्यात हलकेच पिळायचा, असं परगावी जाताना ती त्याला दोनदा बजावून गेली होती. ताई दातांच्या कवळ्या घडवायची. केसाएवढ्या चुकीनं माणसाचं तोंड सोलून निघतं हे तिला ठाऊक होतं. आणि हा उंटावरचा शहाणा साबण घेऊन बसला होता!

पिल्लं झाली की या सिक्लिड जातीच्या माशांची मादी बापालाही जवळ फिरकू देत नाही, म्हणून नर जाळीपलीकडे ठेवलेला. तो पोट वर करून तरंगत होता. नुकती पोहायला लागलेली पिल्लं करवंटीच्या गुहेभोवती धुळीसारखी तळाला बसली होती. बोटाएवढ्या या माशांचा वंश वडिलांनी हयातभर सांभाळला आणि जाताना तिच्या हाती दिला होता. आता उरली एकटी मादी, पिल्लं राखताना होते तशी पिवळीधमक.

"चुकलं म्हण," ताई म्हणाली.

"काय चुकलं? मासेच तर होते. नवे आणून देतो."

"चुकलं म्हण."

"कमाल आहे! मदतही करायची आणि वर बोलणीही खायची."

चोराच्या उलट्या बोंबा! तो गेल्यावर ताईनं रडतरडत मेलेले उपसले, पाणी बदललं. पिवळी जगली, पण तिचा रंग काही उतरेना. पिल्लं गेलेली मादी कधीकधी खायला टाकलेले किडेसुद्धा पोरं समजून राखते, असं वडील सांगत. हिनं किड्यांकडे ढुंकून पाहिलं नाही. करवंटी सोडून ती काचेशी येऊन थांबली.

काचेबाहेर ठमी खेळत होती. ठमी ही धाकट्याची लेक, नुकती बोलायला लागलेली. आईबाप कामावर असेपर्यंत ती आत्याकडे असे, आणि ताई खिडकीपाशी कवळ्या घासत तिच्यावर नजर ठेवी. ठमी उजवीकडे सरकली की पिवळी उजवीकडे. डावीकडे गेली की डावीकडे. ताईला आधी गंमत वाटली.

संध्याकाळी धाकटा ठमीला न्यायला आला. त्यानं खोलीत पाऊल टाकताच पिवळीनं पोटाखालचे पर फटकन उघडले. पिल्लांना धोका सांगायची ती खूण. ती दिसली की पिल्लं तळाला बसतात आणि धोका टळेपर्यंत हलत नाहीत.

ठमी जमिनीला चिकटली. पालथी, हात अंगाशी, डोळे उघडे. पाठ वरखाली होत नव्हती.

"ठमे, नाटकं पुरे. चल."

तो चपला काढायला दाराबाहेर गेला. ठमी उठून खेळायला लागली. तो आत आला. ठमी पुन्हा पालथी.

ताईनं एकदा टाकीकडे, एकदा ठमीकडे पाहिलं. आणि खोटं कशाला बोला, भीतीखाली थोडं समाधानही होतं.

"हे तू शिकवलंस," धाकटा ओरडला.

"मी? मासेच तर आहेत ते," ताई फणकारली. "चुकलं म्हण, मग बघू."

त्यानं पोरीला फळीसारखी उचलली. "पुन्हा पाठवणार नाही!" म्हणत तो जिना उतरला. पिवळी काचेला तोंड लावून दाराकडे बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. दुपारी भावजयीचा फोन आला.

"ताई, ठमी टबात खेळत होती. हे दाराशी आले आणि ती पाण्याखाली गेली. डोळे उघडे आहेत, वर येईना! उचलते तर हातातून निसटतेय!"

ताईनं टाकीकडे पाहिलं. पिवळीचे पर ताठ उघडे होते.

"त्याला बाहेर काढ."

"काय?"

"आधी त्याला बाहेर काढ!"

दार आपटलं. पिवळीचे पर मिटले. फोनमध्ये पाणी खळबळलं आणि ठमी खुदकन हसली.

"धापसुद्धा लागली नाही हो तिला, टबात पुन्हा पाणी उडवतेय," भावजय रडत म्हणाली.

मग बंद दारापलीकडून धाकट्याचा चिरका आवाज आला. "चुकलं माझं! ताईला सांग, चुकलं!"

हेच तर ताईला हवं होतं. तिनं धावत जाऊन फोन काचेला लावला.

"ऐक," ती पिवळीला म्हणाली. "चुकलं म्हणतोय. बाप आहे गं तो तिचा."

"चुकलं माझं," धाकटा पुन्हा म्हणाला.

पिवळीचे पर उघडले.

फोनमधलं ठमीचं हसणं अर्ध्यावर तुटलं. मग पाण्याचा आवाजही थांबला.