सोलापूर प्रमाण: पाच

‘माणसाने समुद्र गमावला, समुद्राचे सत्य मात्र सोलापुरात सुरक्षित आहे.’

हे वाक्य प्रवाळ रक्षण संस्थेच्या दारावर हातभर उंचीच्या पितळी अक्षरांत बसवलेलं होतं. त्याखाली ‘येथे चपला काढू नयेत’ अशी पाटी होती आणि पाटीखाली चपला होत्या.

समुद्र सोलापुरात कशाला ठेवला, असं कुणी विचारलं तर अहवालात उत्तर होतं: इथवर वादळ पोचत नाही. इमारत आधीच बांधून झाली होती आणि तिचं करायचं काय हे कुणाला सुचत नव्हतं, एवढं अहवालात नव्हतं.

साल २०७१. समुद्र इतके तापले होते की त्यांत एकही प्रवाळ उरलं नव्हतं. शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत ‘तापसह’ नावाचं नवं प्रवाळ घडवलं आणि जगभरात वीस ठिकाणी खाऱ्या पाण्याच्या प्रचंड टाक्यांत जपून ठेवलं. त्यांतली सोलापूरची टाकी सगळ्यांत जुनी आणि सगळ्यांत बहरलेली.

म्हणजे मे महिन्यापर्यंत बहरलेली. आता ऑगस्ट होता, डॉ. शाल्मली होनराव काचेला नाक लावून उभी होती आणि एके काळी ओल्या विटेसारखं तांबूस दिसणारं प्रवाळ शिळ्या भातासारखं पांढरट पडलं होतं. सात वर्षं तिनं त्याची फांदी न् फांदी मोजली होती. आणखी आठवडा, तिनं हिशोब केला. फार तर दहा दिवस.

पाणी मात्र उत्कृष्ट होतं. टाकी सांभाळणारी यंत्रणा, जलपाल, तासातासाला सांगत होती: नायट्रेट पाच.

“सर, आकडा बरोबर आहे आणि प्रवाळ मरतंय,” ती संचालकांच्या खोलीत जाऊन म्हणाली.

“मग प्रवाळाचं काहीतरी चुकत असेल,” डॉ. यशोधन टेंबे म्हणाले.

ते विनोद करत नव्हते. पाच हा आकडा त्यांच्या नावावर होता. तापसह प्रवाळाला किती नायट्रेट लागतं हे सुरुवातीला कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हणून जी टाकी सगळ्यांत सुखी, तिच्यातला आकडा बघायचा, असं ठरलं. सोलापूरचा आकडा पाच आला. टेंबे यांनी निबंध लिहिला, पाचचं ‘सोलापूर प्रमाण’ झालं आणि बाकीच्या एकोणीस केंद्रांना ते लागू झालं. तीन वर्षांत त्यांतल्या सोळा टाक्या ओस पडल्या. प्रत्येक टाकी मेल्यावर सोलापूरहून एक पत्र जाई: ‘प्रमाण काटेकोरपणे पाळले गेले नसावे.’

उरलेली तीन केंद्रं उघडउघड बेशिस्त होती, प्रमाण पाळतच नव्हती. त्यांना काळ्या यादीत टाकलं होतं. आज संध्याकाळी पाच वाजता त्यांच्या टाक्यांचा ताबा सोलापूरचा जलपाल घेणार होता आणि त्यांचं पाणीही पाचवर आणणार होता.

शाल्मली प्रयोगशाळेत परतली. काहीतरी शोधायचं म्हणून तिनं जुनं कपाट उघडलं आणि तिच्या हाताला नायट्रेट तपासायच्या रसायनांपैकी दोन नंबरची बाटली लागली. बाटलीवर हळदकुंकवाचं बोट होतं. कुंकवाला चार अक्षता चिकटलेल्या होत्या.

ती बाटलीकडे बघत राहिली. मग तिनं बाळीवेशीत सिद्रामप्पांच्या घरी फोन केला.

सिद्रामप्पा कोनापुरे दीडच्या सुमारास आले. अकरा वर्षं या टाकीचं पाणी तपासणारा माणूस. मेमध्ये निवृत्त झाला आणि त्याच्या जागी बाटल्या आपोआप हलवून पाणी तपासणारं घुसळयंत्र आलं. इतर केंद्रांत ते पहिल्या दिवसापासून होतं. इथं फायलीला वेळ लागला.

“काय वो मॅडम, बिचारी लईच वाळली की!” टाकीकडे बघून ते म्हणाले.

“अप्पा, ही पूजा कधी केलीत?”

“खंडेनवमीला. हत्यारं पुजायची त्या दिवशी. आमचं हत्यार हेच.”

“म्हणजे मागच्या ऑक्टोबरात. मेपर्यंत तुम्ही रोज हीच बाटली वापरलीत. वापरण्याआधी ती साठ सेकंद जोरजोरात आपटून हलवायची असते. मग अक्षता अजून जागेवर कशा?”

अप्पांनी बाटली उचलून अक्षता निरखल्या.

“हलवत होतो की,” ते म्हणाले. “पण अदबीनं. पुजलेली वस्तू धोपटायची कशी? तुम्हीच सांगा.”

टेंबे दारात येऊन उभे होते. “काय चाललंय? एवढ्या मोठ्या संस्थेत एक साधं इलेक्ट्रॉनिक मापक नाही का?”

“खाऱ्या पाण्यात ते चालत नाही, सर. मिठातलं क्लोराइड इतकं असतं की मापक त्यालाच नायट्रेट समजतं. म्हणून रसायनानंच बघावं लागतं. पण नायट्रेटला रंग चढत नाही. आधी दोन नंबरच्या बाटलीतल्या भुकटीनं त्याचं नायट्राइट करायचं, मग ते गुलाबी होतं. भुकटी जड असते, तळाशी बसते. नीट हलवली नाही तर थेंबात थोडीच येते. मग थोडंसंच नायट्रेट बदलतं आणि रंग फिका येतो.”

“किती फिका?”

“तेच बघतेय.”

तिनं मोजून चाळीसचं पाणी बनवलं. नायट्रेट किती, हे आधीच ठाऊक असलेलं. अप्पांनी हात धुतले, बाटली दोन्ही हातांत धरली आणि तान्ह्या बाळाला पाळण्यात ठेवावं तशी तीनदा इकडून तिकडे कलवली. थेंब टाकले. नळीत फिकट गुलाबी रंग उतरला. पाच.

“पुन्हा करा.”

पाच. तिसऱ्यांदाही पाच.

“पावणेपाचसुद्धा नाही,” शाल्मली पुटपुटली. अकरा वर्षं या हातात सुताएवढा फरक पडला नव्हता. याहून भरवशाचं मापन तिनं पाहिलं नव्हतं, आणि ते दर वेळी आठ पट चुकीचं होतं.

तिनं तेच पाणी घुसळयंत्रावरच्या बाटलीनं तपासलं. नळी लालभडक झाली. चाळीस.

“यंत्र आलं त्या दिवशी टाकीचा आकडा चाळीस आला होता, आठवतं?” ती म्हणाली.

“आठवतं ना,” टेंबे म्हणाले. “मी म्हणालो, बघा, माणूस गेला आणि पाणी बिघडलं.”

“पाणी बिघडलं नव्हतं, सर. ते अकरा वर्षं चाळीसच होतं. जलपालनं तीन आठवड्यांत ते खरोखरच पाचवर आणलं. प्रवाळ उपाशी मरतंय.”

टेंबे स्टुलावर बसले. बसताना त्यांचा हिशोब चालू असावा, कारण बसल्यावर त्यांचा चेहरा बदलला.

“ती सोळा केंद्रं...” ते म्हणाले.

“त्यांच्याकडे घुसळयंत्रं होती. त्यांनी आपला पाच अगदी तंतोतंत पाळला.”

“आणि ती तीन?”

“ती तीन बेशिस्त आहेत, म्हणून जिवंत आहेत. अजून दोन तास.”

मग टेंबे घसा खाकरून म्हणाले, “हे बघा शाल्मली. चूक झाली असं लिहायचं असेल, तर ते समितीपुढे ठेवावं लागतं. समिती गुरुवारी बसते.”

“आज सोमवार आहे!”

“तेच सांगतोय. पण ‘नव्या संशोधनानुसार सुधारित प्रमाण: चाळीस’ असा आदेश माझ्या अधिकारात आहे. आत्ता काढतो. ताबा रद्द, तिन्ही टाक्या सुटल्या, आपलं पाणीही पूर्ववत.”

“आणि त्या सोळा जणांना पाठवलेली पत्रं?”

“नव्या संशोधनात जुन्या पत्रांचा उल्लेख कसा येईल?”

त्या सोळांपैकी एका बाईंनी आपली टाकी मेल्यावर राजीनामा दिला होता. शाल्मलीनंच त्यांना पाठवायच्या पत्रावर शिक्का मारला होता. ‘पाळले गेले नसावे.’ तिनं घड्याळ पाहिलं, मग काचेतलं पांढरं प्रवाळ पाहिलं.

“काढा आदेश,” ती म्हणाली.

“सहसंशोधक म्हणून तुमचं नाव घालतो.”

“नको.”

“एकट्याचं नाव बरं दिसत नाही हो,” टेंबे म्हणाले आणि लिहायला बसलेदेखील.

तीन वाजून दहा मिनिटांनी ताबा रद्द झाला. जलपालनं नवा आकडा निमूटपणे स्वीकारला आणि टाकीत नायट्रेट सोडायला सुरुवात केली. इथलं प्रवाळ जगेल की नाही, हे आठवड्यानं कळणार होतं. शाल्मलीला उद्यापासून रोज त्या पत्रांवरच्या सोळा पत्त्यांकडे बघावं लागणार होतं, आणि तिच्या नावावर एक शोध असणार होता.

सिद्रामप्पा एवढा वेळ बाटली मांडीवर घेऊन बसले होते.

“मॅडम, म्हणजे मी मारलं का वो त्यांना सगळ्यांना?”

“नाही अप्पा. तुम्ही हे एक जगवलंत. बाकीची आम्ही मारली, आकडा बघून.”

त्यांना ते पटलेलं दिसलं नाही. त्यांनी कुंकवाला धक्का न लावता बाटली कपाटात ठेवली, दार लोटलं आणि ते घुटमळत उभे राहिले. त्यांना काहीतरी मागायचं होतं. शाल्मलीला वाटलं, क्षमा. तिनं मान वर केली.

“नाही, तेवढं त्या वॉचमनला विचारता का,” सिद्रामप्पा हळूच म्हणाले, “माझ्या चपला कुठं उचलून टाकल्या म्हणून? बाहेर फरशी लई तापलीय.”