डाव्या खांद्यावरचा हात

रानातला लांडगा पाणी पिताना कधी पाहिलाय का रे तुम्ही? मेलेला नव्हे, जिवंत. आपण तिथे आहोत हे त्याला ठाऊकच नसताना?

नाही ना. मग कंदील जरा बारीक करा आणि जवळ सरका.

ही आमच्या कमलाकराची गोष्ट. सोलापुरात त्याचं फोटोचं दुकान होतं. मेलेल्या जनावरांचे फोटो त्यानं पुष्कळ काढले होते. कुणी इनामदार, कुणी साहेब बिबट्यावर पाय ठेवून उभा राहायचा आणि कमलाकर काळ्या कापडाखाली डोकं घालून “हलू नका” म्हणायचा. घरी आला की दोन घासही जायचे नाहीत. “यशोदा,” तो बायकोला म्हणायचा, “एकदा तरी चालतंफिरतं जनावर काढायचंय गं. त्याच्या घरी, त्याच्या तंद्रीत.”

सन बत्तीसच्या उन्हाळ्यात मोहोळकडच्या माळावर लांडग्यांनी मेंढरं मारली. गावकऱ्यांनी बंदुकवाले बोलावले, हाका ठरला, म्हणजे आरडाओरड करून जनावरं बंदुकांपुढे हाकायची. त्याच गावच्या भीमानं दुकानात येऊन सांगितलं, “नर, मादी न् दोन पिल्लं हायती. रोज रातच्याला तळ्यावर येत्यात. उद्या संपली म्हणायची.” कमलाकरानं ते ऐकलं आणि त्याला चैन पडेना. हाक्याआधी एक रात्र उरली होती. त्या एका रात्रीत ती चौघं जिवंत फोटोच्या काचेवर आली तर आली, नाही तर कायमची गेली.

ती रात्र चैत्र वद्य द्वादशीची. दुपारच्या गाडीनं तो मोहोळला उतरला. संगतीला यशोदेचा धाकटा भाऊ यज्ञेश्वर. तिथून भीमाची बैलगाडी.

माळावर वाटेच्या कडेला दगडांची मोठी रास होती. भीमानं गाडी थांबवली, खाली उतरून एक दगड उचलला आणि राशीवर ठेवला.

“तुमीबी टाका की मालक एकेक.”

“कोण झोपलंय रे खाली?” यज्ञेश्वरानं विचारलं.

“कुणाला ठाव. आमच्या आजाच्या येळचा हाय. नाव न्हाय, गाव न्हाय. हितंच मरून पडला हुता. जाता-येता दगड टाकायचा, मंजी पडून ऱ्हातो.”

“आणि नाही टाकला तर उठून तिकीट काढतो काय मोहोळचं?”

भीमा हसला नाही. कमलाकरानं मात्र खाली उतरून एक दगड ठेवला. मुळात सालस माणूस.

तळं तिथून हाकेच्या अंतरावर. भीमा त्यांना सोडून, उजाडता येतो म्हणून गेला. आता लपायला आडोसा हवा. झुडूप नाही, झाड नाही, नुसतं वाळलेलं गवत. पाण्याजवळची माती भुसभुशीत. सुटे दगड म्हणाल तर त्या राशीचेच.

कमलाकर घुटमळला. मग सूर्याकडे पाहिलं. दिवस कलला होता.

“सकाळी होते तसे रचून ठेवू,” तो म्हणाला.

दोघांनी दगड वाहिले. कमरेइतका, तीन बाजूंनी बंद आडोसा झाला. तोंडाशी कॅमेरा, तिवईवर, पाण्याकडे बघणारा. काळोखात फोटो काढायची रीत अशी, की आधी भिंगावरचं झाकण काढायचं आणि मग उजेडाची पूड भडकवायची. झाकण यज्ञेश्वराकडे, पूड कमलाकराकडे. बोलायचं तर नाहीच. म्हणून खूण ठरली. यज्ञेश्वरानं झाकण काढलं, की कमलाकराचा खांदा एकदा दाबायचा.

यज्ञेश्वर उजवीकडे बसला. डावीकडे दगडांची भिंत, कमलाकराच्या अंगाला टेकलेली.

अंधार पडला. वारा थांबला. रात्र बरीच चढली आणि मग पलीकडच्या काठावर काहीतरी हललं. एक. त्यामागे दुसरं. मग दोन लहान, एकमेकांना ढुशा देत. चौघं तळ्याला वळसा घालून अलीकडच्या काठाला आली आणि पाण्याला लागली. लप्‌लप्‌ आवाज येऊ लागला.

कमलाकराचे डोळे भरून आले. त्यानं श्वास रोखला.

खांदा दाबला गेला.

त्यानं पूड भडकवली. भक्कन माळ पांढरा झाला. लांडगे पळायला हवे होते... पळाले नाहीत. एकानंही मान वर केली नाही. पुन्हा काळोख झाला, आणि त्या काळोखात ते आपले पाणीच पीत होते. लप्‌लप्‌.

“झाकण लाव,” कमलाकर पुटपुटला.

उजवीकडून यज्ञेश्वराचा आवाज आला. अगदी बारीक.

“कमलाकरराव... मी काढलंच नाही अजून.”

“मग खांदा का दाबलास?”

“मी... नाही दाबला.”

तेव्हा कमलाकराच्या ध्यानात आलं. दाबला गेला होता तो डावा खांदा.

डावीकडे भिंत होती.

आणि हात... अजून तिथेच होता.

कोण रे खोकलं मधेच? गप्प बसा.

जड हात. गार. सदऱ्यातून गारवा आत उतरत होता. कमलाकरानं मान वळवली नाही. वळवली असती तर जीव गेला असता, असं त्याला वाटलं. त्यानं उजव्या हातानं यज्ञेश्वराचं मनगट धरलं. यशोदेचं तोंड डोळ्यांपुढे आलं. भावाला जपा म्हणाली होती.

“कोण...” यज्ञेश्वर म्हणाला.

लांडगे पाणी पिऊन गेले. हात राहिला.

चंद्रकोर उगवली. हात राहिला.

मग गाडीच्या चाकांचा आवाज आला, लांबून. भीमा येत होता. खांदा एकदम हलका झाला.

दोघांनी सगळे दगड उचलून राशीवर नेले. यज्ञेश्वराला ताप भरला होता, पण तोही वाहत होता.

सकाळच्या गाडीनं ते सोलापूरला परतले. झाकण निघालंच नव्हतं, तेव्हा काच कोरी असणार. पण कोरी आहे हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कमलाकराला घोटभर पाणी जाईना. अंधारखोलीत यशोदेनं लाल दिवा धरला आणि त्यानं काच धुतली. काच कोरी नव्हती. चार लांडगे पाणी पीत होते, निवांत, तोंडं समोर करून. त्यांच्या पाठीमागे दगडांचा आडोसा होता. आडोशात यज्ञेश्वर आणि कमलाकर बसले होते, आणि त्यांच्यापुढे तिवईवर कॅमेरा होता. त्याच्या भिंगावर झाकण होतं.

फोटो तळ्याच्या बाजूनं काढलेला होता.