सर्वरचं तिसरं उत्तर

ही ऐकीव गोष्ट नाही. ज्याच्यावर बेतली तो प्रसेनजित माझा मावसभाऊ, सोनाळ्याचा. थापा मारणं त्याच्या रक्तात नाही.

बीटी कपाशी असूनही बोंडअळीनं वावरं खाल्ली, त्याच्या पुढच्या सालची सकाळ होती.

प्रसेनजित घरी बसून पुण्याच्या एका कंपनीचं काम करायचा. शेतकऱ्यांसाठीचं ॲप होतं. वावराचं ठिकाण पाठवलं की सर्वर सांगायचा, आज फवारणी करावी की नाही. उत्तरं दोनच, 'फवारा' किंवा 'थांबा'. प्रसेनजितची स्क्रिप्ट सर्वरला आपोआप प्रश्न विचारायची. या दोन्हींपैकी एक आलं तर टेस्ट हिरवी. भलतंच काही आलं तर लाल.

तपासायला त्यानं घरचंच वावर घातलं होतं. मागच्या साली वडिलांचे थोरले भाऊ गुलाबरावकाका फवारता फवारता कोसळून गेले, ते वावर. विष अंगात भिनलं होतं. त्यांचा पंप तेव्हापासून ओसरीतल्या खुंटीला होता.

त्या सकाळी वडील, शेषराव, तो पंप उतरवत म्हणाले, "पशा, तुह्यं मशीन काय म्हणते बे? फवारू का आज?"

प्रसेनजितनं टेस्ट चालवली.

लाल.

पुन्हा चालवली.

लाल...

टेस्ट पडली की सर्वरनं नेमकं काय उत्तर दिलं ते आधी छापून बघायचं. नव्या पोरांना तो हे घसा कोरडा करून शिकवायचा. पण त्या दिवशी साहेबांना रिपोर्ट हिरवा हवा होता. त्यानं ती टेस्टच वगळून टाकली.

"काही नाही बाबा, टेस्ट बिघडली. जा तुम्ही."

"हाव. येतो मंग."

खट्... खट्... पंपाच्या दांड्याचा आवाज घरापर्यंत यायचा.

दुपारच्या आत तो थांबला.

शेषराव कपाशीत पालथे सापडले.

वडिलांच्या पुण्यानुमोदनाचा विधी आटोपल्यावर प्रसेनजितनं लॅपटॉप उघडला. त्या सकाळचं उत्तर स्क्रिप्टनं साठवून ठेवलं होतं.

'शेषू, थांब.'

सर्वरच्या कोडमध्ये असं वाक्यच नव्हतं. आणि वडिलांना शेषू म्हणणारे एकटे गुलाबरावकाका...

प्रसेनजित ढसाढसा रडला. जा असं त्यानंच सांगितलं होतं.

तेव्हापासून तो रोज टेस्ट चालवायचा, उत्तर छापून. रोज हिरवी. एका सकाळी मात्र नेट बंद असताना टेस्ट आपोआप सुरू झाली.

लाल.

'पशा, आईले थांबव.'

पशा फक्त बाबा म्हणायचे.

त्यानं ओसरीत पाहिलं. खुंटी रिकामी होती.

तो अनवाणी पळत सुटला. वावरातून आवाज येत होता. खट्... खट्...

आई, अन्नपूर्णाबाई, बांधावरच उभी होती. पंप पाठीवर. दांड्याला तिनं अजून हातही लावला नव्हता. चेहरा पांढराफटक.

"प्रसेन... आपल्या वावरात कोन फवारून राह्यलं?"

कपाशीत कुणीच नव्हतं.

आवाज मात्र दोन पंपांचा येत होता.

ते वावर आता पडीक आहे. सोनाळ्याला गेलो तरी मी त्या वाटेनं जात नाही.